आखडलेलं हॅमर कोरल सावरायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. १३० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, सुरू होऊन नऊ महिने झालेले. चार हेडचं (हेड म्हणजे फांदीच्या टोकावरचं एकेक तोंड आणि त्याभोवतीचं मांस) फांद्यांचं हॅमर कोरल महिनाभर आखडलेलं आहे, रंग फिका पडलाय आणि एका हेडच्या कडेला सांगाडा उघडा दिसतोय. पाच आठवड्यांपूर्वी जुन्या टी-५ ट्यूब काढून एलईडी बसवला, तो ८० टक्क्यांवर चालतो. कोरल आखडायला लागल्यावर दहा दिवसांत तीन वेळा ३० टक्के पाणी बदललं, फॉस्फेट रिमूव्हर सुरू केला, कोरलची जागा तीनदा बदलली, शिवाय आयोडीन आणि अमिनो आम्लांचे थेंब रोज चालू आहेत. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटची मात्रा, डीकेएच या एककात) आधी ८ होती, आता १०.३ डीकेएच. कॅल्शियम ४३०, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, तापमान २६ अंश, खारेपणा १.०२६. वापरलेल्या मिठाच्या डब्यावर अल्कलिनिटी ११.५ अशी लिहिलेली आहे.

या माहितीवरून बहुतेक उलगडा होतो. कोरल बिघडलं ते नव्या लाइटमुळे. पण आज ते सावरत नाहीये ते उपचारांमुळे.

आधी अल्कलिनिटीचा हिशेब करून पाहा. टँकमधलं पाणी ८ डीकेएच, नवं पाणी ११.५. पहिल्या ३० टक्के बदलानंतर ८ चे ७० टक्के म्हणजे ५.६, त्यात ११.५ चे ३० टक्के म्हणजे ३.४५, बेरीज ९.०५. दुसऱ्या बदलानंतर ९.८. तिसऱ्यानंतर १०.३. तुमच्या टेस्ट किटने दाखवलेला आकडा अगदी तोच. बाटलीतून काहीही न घालता फक्त पाणी बदलून दहा दिवसांत अल्कलिनिटी सव्वादोनने वर गेली. १०.३ हा आकडा स्वतःहून जीवघेणा नाही. त्या पातळीवर वर्षानुवर्षं चांगले चालणारे टँक असतात. त्रास होतो तो उडीचा. सांगाडा बांधण्याचा वेग अल्कलिनिटीवर चालतो, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा व अन्नद्रव्यं त्याच वेळी हाताशी नसतील तर मांस सांगाड्याच्या मागे पडतं. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय, कारण त्याच दहा दिवसांत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले. अल्कलिनिटी वर, पोषण खाली आणि डोक्यावर नवा लख्ख लाइट, हे तिन्ही एकत्र आले की हॅमरच काय, चिवट समजली जाणारी कोरलंही मिटतात.

तेव्हा आज पहिलं काम थांबण्याचं. आयोडीन बंद, अमिनो बंद, फॉस्फेट रिमूव्हर काढून ठेवा, पाणी बदलणं दोन आठवडे बंद. अल्कलिनिटी खाली आणण्यासाठी काहीही टाकू नका. अल्कलिनिटी वाढवणारं काहीही घातलं नाही की कोरलं आणि कोरलाइन शैवाल ती हळूहळू वापरतील आणि आठवड्याभरात दशांशांत उतरत येईल. ८ ते ८.५ ला पोचली की तिथे धरून ठेवायची, आणि पुढचं मीठ घेताना ७.५ ते ८.५ अल्कलिनिटी देणारं घ्यायचं. आयोडीनबद्दल इतकंच सांगतो की जे मोजता येत नाही ते टाकू नये. नियमित खाणं आणि थोडं पाणी बदलणं चालू असलेल्या टँकला आयोडीनची वेगळी बाटली क्वचितच लागते.

मग मोजमापं तपासा. खारेपणा कशावर मोजलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. डुलणाऱ्या काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर असेल तर १.०२६ या आकड्यावर विसंबू नका. काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी तो जास्त दाखवतो, आणि क्षार साचले की वाचन सरकतं. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही. शून्यावर बरोबर दिसणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ वर दोन-तीनने चुकू शकतो. म्हणून ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणावरच जुळवून घ्यायचा. हवा तो आकडा ३५ पीपीटी, म्हणजे २५ अंशाला साधारण १.०२६. फरक निघाला तर दुरुस्ती दिवसाला १ पीपीटीपेक्षा वेगाने करू नका.

खारेपणाचा दुसरा चोर म्हणजे बाष्पीभवन. १३० लिटरच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता खरं पाणी १०५ ते ११० लिटरच असतं. त्यातून रोज दोन लिटर उडतं आणि तुम्ही तीन दिवसांनी एकदम सहा लिटर गोडं पाणी ओतता असं समजा. खारेपणा ३५ वरून ३७ पर्यंत चढतो आणि पाच मिनिटांत परत ३५ वर आदळतो. आठवड्यातून दोनदा असे हेलकावे खाणाऱ्या कोरलला बाकी सगळं उत्तम असूनही फुलता येत नाही. आपोआप पाणी भरणारं टॉप-ऑफ बसवा, नाहीतर रोज ठरलेल्या वेळी हाताने भरा. भरायचं पाणी आरओ-डीआयचं (आरओनंतर रेझिनमधून गाळून उरलेले क्षारही काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. टीडीएस ५ च्या वर जायला लागला की डीआय रेझिन बदलायची वेळ झाली.

इतर आकड्यांत मॅग्नेशियम राहून गेलंय, तेही बघून घ्या. १२८० ते १३५० असावं. ते १२०० च्या खाली असेल तर कॅल्शियम आणि कार्बोनेट हीटरवर, पंपावर पांढरे थर होऊन बसत राहतात आणि अल्कलिनिटी कितीही भरली तरी टिकत नाही. हीटरवरचा आकडा दुसऱ्या थर्मामीटरने पडताळा. टेस्ट किटच्या रसायनांची मुदत बघा, आणि अल्कलिनिटी रोज एकाच वेळी मोजा, कारण सकाळ-संध्याकाळच्या वाचनात काही दशांशांचा फरक असतोच.

लाइटकडे आता. ट्यूबचा उजेड पसरट असतो आणि एलईडीचा एकवटलेला. डोळ्याला दोन्ही सारखेच वाटतात, त्यात एलईडीचा निळा प्रकाश तर डोळ्याला मंदच भासतो, पण कोरलच्या ऊतीतल्या झूझँथेली शैवालाला तो पुरेपूर पोचतो. अति उजेडात या शैवालाकडून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात, आणि कोरल त्याला बाहेर टाकून स्वतःला वाचवतं. फिकेपणा येतो तो असा. हॅमरला ८० ते १५० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो, आजारी असताना ८० ते १०० च बरा. पार मीटर कुणाकडून दोन दिवस मिळाला तर सगळ्यात उत्तम. फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका, निळ्या प्रकाशात ती साफ चुकतात. मीटर नसेल तर लाइट सरळ ४० टक्क्यांवर आणा, पांढरी आणि तांबडी वाहिनी त्याहून कमी, एकूण वेळ आठ तास. मग दर आठवड्याला ५ टक्के वाढवत जा, आणि ज्या आठवड्यात कोरल पुन्हा आवळलेलं दिसेल त्याच्या आधीच्या टप्प्यावर थांबा. बऱ्याच एलईडींमध्ये ही चढती सोय आयतीच असते, तिला अ‍ॅक्लिमेशन मोड म्हणतात. नवा लाइट लावतानाच ती वापरायची असते, पण खोक्यातलं पत्रक वाचतो कोण!

उजेड जास्त आहे की कमी, हे कोरलच्या अंगावरूनही बरंच कळतं. जास्त झालेलं कोरल दिवसा घट्ट मिटतं, फिकं पडतं आणि संध्याकाळी लाइट उतरल्यावर थोडं सैल होतं. कमी पडलेलं कोरल उलट लांबलचक ताणतं आणि तपकिरी, मळकट होत जातं. तुमचं हॅमर लाइट बंद झाल्यावर तासाभराने जरासं उघडतंय का, ते आज रात्री बघा. उघडत असेल तर निम्मं निदान तिथेच झालं.

आता जागा. त्याला टँकच्या खालच्या तिसऱ्या भागात, वाळूजवळ, स्थिर बैठकीवर ठेवा आणि निदान चार आठवडे हात लावू नका. दर हलवण्यानंतर त्याला उजेडाशी आणि प्रवाहाशी नव्याने जुळवून घ्यावं लागतं, आणि आजारी कोरलकडे तेवढी शिल्लक नसते. प्रवाह असा हवा की उघडलेले तंतू संथ डुलतील, अधूनमधून दिशा बदलेल. वेव्हमेकरची (प्रवाह तयार करणाऱ्या पंपाची) धार सरळ अंगावर येत असेल तर मांस सांगाड्याच्या धारदार पडद्यांवर घासून फाटतं. अजिबात प्रवाह नसेल तर अंगावर घाण साचते आणि सडण्याला सुरुवात होते. एक सोपी खूण: तंतू सतत एकाच बाजूला चिकटून वाकलेले दिसले तर प्रवाह जास्त आहे.

शेजारही तपासा. हॅमरचे रात्री निघणारे झाडू-तंतू १५ सेंटिमीटरपर्यंत सहज जातात, आणि गॅलेक्सिया कोरलचे त्याहून लांब. दुसऱ्या जातीपासून किमान १५ सेंटिमीटर अंतर हवं. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन कोरल एकमेकांना सहसा सोसतात, टॉर्च कोरलच्या बाबतीत तो भरवसा नाही. (नावांचा घोळ व्हायला नको म्हणून: हॅमर आणि फ्रॉगस्पॉन आता युफिलियामधून काढून फिम्ब्रियाफिलिया या प्रजातीत टाकले आहेत, टॉर्च मात्र युफिलियाच राहिलं. पूर्वी त्यांना एकाच घरातलं समजून शेजारी ठेवायचे, त्याचं उत्तर कदाचित इथे असावं.) क्लाउनफिश हॅमरमध्ये घुसून लोळत असेल तर निरोगी कोरल ते चालवून घेतं, आजारी घेत नाही. अशा वेळी कोरलवर काही आठवडे जाळीची टोपली उपडी घालून ठेवा.

टँकमध्ये लेदर कोरल असेल तर ती पाण्यात सोडत असलेली रसायनं इतरांना मिटवून ठेवतात. यावर सक्रिय कोळसा चालतो. तुमच्या पाण्याला साधारण १०० ते १२० मिलिलिटर पुरे, आरओ पाण्याने धुऊन जाळीच्या पिशवीत, पाणी त्यातून वाहील अशा जागी, तीन-चार आठवड्यांनी बदलायचा. पहिल्यांदा निम्माच घाला. कोळसा पाण्यातला पिवळेपणा इतका काढतो की खाली पोचणारा उजेड अचानक वाढतो, आणि आपण तर तो कमी करायला निघालोय.

शून्य नायट्रेट आणि शून्य फॉस्फेट ही स्वच्छतेची पावती नव्हे, उपासमार आहे. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम इतकं हॅमरला हवं असतं. दोन्ही शून्यावर राहिले तर वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर यायची शक्यता वाढते. ते डायनोफ्लॅजेलेट, आणि त्यांना घालवणं हॅमर वाचवण्यापेक्षा अवघड. वाढवायचा सरळ मार्ग म्हणजे माशांना जास्त खायला घालणं: एकदाऐवजी दोन-तीनदा, थोडं थोडं, गोठवलेलं खाणं असेल तर वितळलेल्या पाण्यासकट. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) रात्रीपुरता बंद ठेवला तरी चालेल, पण त्या वेळी पाण्याचा पृष्ठभाग हलता हवा, नाहीतर ऑक्सिजन उतरतो. फॉस्फेटचा आकडा लगेच हलणार नाही. फॉस्फेट निघून गेलेले दगड आधी आपली तहान भागवतात, मग उरलेलं पाण्यात दिसायला लागतं. दोन आठवडे धीर धरावा लागेल.

आठ-दहा दिवसांतही नायट्रेट शून्यच राहिलं तर सोडियम नायट्रेट वापरता येतं. खत म्हणून मिळणारं नको, शुद्ध प्रतीचं घ्या. १३.७ ग्रॅम सोडियम नायट्रेट १ लिटर आरओ पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे १० मिलिलिटर १०० लिटर पाण्यात १ पीपीएम नायट्रेट वाढवतात, तुमच्या ११० लिटरला ११ मिलिलिटर. दिवसाला १ पीपीएमच्या वर जाऊ नका, आणि दर तिसऱ्या दिवशी मोजा. ५ ला पोचलात की थांबा. बाटलीवर ठळक लिहून ठेवा. एकसारख्या पारदर्शक द्रावणांच्या बाटल्यांत गल्लत होऊन टँक बुडालेले आहेत.

अल्कलिनिटी पुढे ८ च्या आसपास आली की रोजची झीज काढा. तीन दिवस काहीही न घालता रोज एकाच वेळी मोजा. पहिल्या दिवशी ८.६ आणि तिसऱ्या दिवशी ८.२ असेल तर झीज दिवसाला ०.२. ती भरायला साधा खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, पुरतो: १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम. तुमच्या पाण्याला ०.२ साठी ०.६६ ग्रॅम, आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून, वाहत्या जागी, हळूहळू. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. सोडा भाजून धुण्याचा सोडा केला तर १०० लिटरला १.९ ग्रॅम लागतो आणि पीएच वर जातो. खोली बंद असेल आणि पीएच ७.८ च्या खाली राहत असेल तर हा दुसरा बरा. १ डीकेएच वापरली जाते तेव्हा साधारण ७ पीपीएम कॅल्शियम खर्च होतं, त्यामुळे कॅल्शियमची चिंता आठवड्यातून एकदा केली तरी भागतं.

आता त्या उघड्या पडलेल्या हेडकडे वळू, कारण इथे घाई आणि दुर्लक्ष दोन्ही महागात पडतात. निरोगी हॅमरचं मांस सांगाड्याच्या तोंडावरून बाहेर येऊन नळीवर एक-दीड सेंटिमीटर खाली उतरलेलं असतं. ताण आला की आधी हा खालचा पट्टा वर सरकतो. तो गेला, पण तोंडाकडचं मांस शाबूत आहे, तर ते हेड वाचण्यासारखं आहे. मांसातून सांगाड्याचे पडदे धारदार उठून दिसत असतील तर मांस पातळ झालंय, म्हणजे उपासमार बरीच पुढे गेलीय. तोंड आ वासून उघडं राहत असेल, आतून पांढरे दोरे बाहेर लोंबत असतील, तर परिस्थिती नाजूक. आणि मांसावर तपकिरी, शेंबडासारखा, प्रवाहात तुकडे तुटून उडणारा थर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. तो ब्राउन जेली रोग, आणि तो एका हेडवरून दुसऱ्यावर एक-दोन दिवसांत जातो.

ब्राउन जेलीत क्रम महत्त्वाचा. आधी सगळे पंप बंद करा, नाहीतर कोरल उचलताना जेली टँकभर उडते. बारीक नळीने जेली ओढून बादलीत टाका, ते पाणी परत टँकमध्ये नाही. मग कोरल टँकच्याच पाण्याच्या भांड्यात काढा आणि रोगट हेड त्याच्या मांसाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, नुसत्या सांगाड्यातून, कापून वेगळं करा. हाडं कापायची कात्री किंवा बारीक दात्यांची करवत चालते. मांसाला धार लागली तर तिथूनच पुन्हा सडायला सुरुवात होते. फांद्यांच्या हॅमरचा फायदा इथे कळतो, हेडं एकमेकांपासून सुटी असतात. भिंतीसारख्या वाढणाऱ्या हॅमरमध्ये मांस सलग असतं, त्यामुळे वाचवणं फार कठीण. उरलेली हेडं कोरलसाठीच्या आयोडीन डिपमध्ये बाटलीवरच्या प्रमाणात, टँकच्या तापमानाच्या पाण्यात, सांगितलेल्या मिनिटांपुरती बुडवा, दुसऱ्या स्वच्छ भांड्यात खळखळा आणि मग परत ठेवा. डिपचं पाणी ओतून द्या. तोंडापर्यंत जेली पोचलेलं हेड मोहात पडून परत टँकमध्ये ठेवू नका. अँटिबायोटिक घालून पाहायचा सल्लाही पुष्कळ मिळेल. नेमका कुठला जीवाणू आहे हे माहीत नसताना अंदाजाने ती टँकमध्ये ओतणं मला पटत नाही, जैविक फिल्टरचंही त्यात नुकसान होऊ शकतं.

जेली नसेल, तर कोरल डिप करायची गरज नाही. डिप हाही ताणच आहे. फक्त एकदा रात्री, लाइट बंद झाल्यावर तासाभराने, तांबड्या प्रकाशाच्या टॉर्चने निरखा. हॅमरसारखी कोरलं खाणारे चपटे कृमी जवळजवळ पारदर्शक असतात आणि मांसाच्या कडेला, सांगाड्याच्या सावलीत दडतात. दिसलेच तर डिप करावं लागेल, आणि एकदा करून संपणार नाही. डिपने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. सांगाड्यावर चिकटलेली अंड्यांची चकती खरवडून काढायची आणि दर पाच-सात दिवसांनी, सलग चार ते सहा आठवडे डिप करायचं. एखादी फेरी चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उघड्या सांगाड्यावर हिरवं-काळं शैवाल लवकर बसतं आणि मांसाच्या कडेला टोचत राहतं. आठवड्यातून एकदा, कोरल आहे त्याच जागी, मऊ टूथब्रशने सांगाडा घासा, पण कडेपासून ३-४ मिलिमीटर लांब राहून. फार चिवट शैवाल असेल तर कोरलसाठीच्या सायनोअ‍ॅक्रिलेट जेल गोंदाचा पातळ थर त्या भागावर चढवून ते गुदमरवता येतं.

खाणं घालायची घाई करू नका. पहिले आठ-दहा दिवस तर नकोच. संध्याकाळी तंतू थोडे बाहेर यायला लागले की सुरुवात करा. पंप १५-२० मिनिटं बंद, मायसिस कोळंबीचे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे तुकडे, पिपेटने तंतूंवर अलगद सोडायचे. कोरलने ते धरून तोंडाकडे नेलं तर आठवड्यातून दोनदा एवढंच. धरलं नाही, किंवा तासाभराने थुंकलं, तर उरलेलं लगेच उचला. कुजणारा तुकडा आजारी मांसावर पडून राहिला की तो भागच सडतो. शोभेच्या कोळंब्या कोरलच्या तोंडातून घास पळवतात, त्यासाठी कापलेल्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग घुमटासारखा त्यावर अर्धा तास ठेवतात. पार फिक्या पडलेल्या कोरलला हे खाणंच जगवतं. एरवी ज्या शैवालाकडून त्याची बहुतेक ऊर्जा मिळते तेच अंगातून निघून गेलेलं असतं.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही आठवड्यागणिक घसरण चालूच राहिली, तर पाण्यात काही विषारी मिसळतंय का ते शोधा. वेव्हमेकरच्या चुंबकाला चीर जाऊन तो फुगला आहे का, हीटरच्या टोपणाखाली किंवा पंपाच्या स्क्रूला गंज आहे का, खत किंवा क्रीम लावलेला हात टँकमध्ये जातोय का. तांब्याचा संशय असेल तर पॉली फिल्टरचा तुकडा सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) टाका, तांबं शोषलं तर तो निळसर होतो. पक्कं उत्तर हवं असेल तर प्रयोगशाळेतली आयसीपी चाचणी, जिच्यात पाण्यातली मूलद्रव्यं मोजतात. तुमच्या वर्णनात मात्र एवढी ठळक कारणं आधीच हजर आहेत की इथपर्यंत यावं लागेल असं वाटत नाही.

दुसऱ्या प्रकारची कोरलं असतील त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण हाच उपाय सगळ्यांना सारखा लागू नाही. लेदर कोरल मिटून मेणासारखी चकचकीत झाली तर ती कात टाकतेय, प्रवाह थोडा वाढवा आणि आठवडाभर गप्प बसा. अ‍ॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या कोरलमध्ये तळापासून पांढरं होत वर चढत असेल तर वाट बघायची नाही. पांढऱ्या रेषेच्या किमान एक सेंटिमीटर वर, निरोगी भागातून तोडून टोकं वेगळी करा आणि कापलेली कड गोंदाने बंद करा. काही तासांत मांस सोलून निघत असेल तर टोकं वाचवणं हाच मार्ग. झोअँथिड आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालाच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. असे दगड उकळणं, गरम पाण्याने धुणं किंवा कोरडे घासणं यातून ते हवेत जाऊन घरातली माणसं रुग्णालयात पोचू शकतात.

वेळेचा अंदाज द्यायचा तर लाइट उतरवल्यावर चार-पाच दिवसांत रात्रीचं उघडणं सुधारायला हवं. दोन आठवड्यांत दिवसा थोडे तंतू. रंग परतायला सहा ते दहा आठवडे, आणि गेलेलं मांस पुन्हा नळीवर खाली उतरायला त्याहून जास्त. दर रविवारी, लाइट पांढऱ्यावर करून, त्याच कोनातून फोटो काढा आणि मांसाची कड कुठे आहे ते टिपून ठेवा. रोज बघणाऱ्या डोळ्याला सुधारणा दिसत नाही आणि बिघाडही नाही. कड तीन आठवडे हलली नसेल तर ती प्रगतीच समजा.

उलट झालं, म्हणजे मांसाचा गोळाच सांगाडा सोडून सुटा तरंगायला लागला, तर तो पॉलिप बेल-आउट. सुटा पॉलिप बारीक भोकांच्या छोट्या डबीत, जवळजवळ स्थिर पाण्यात ठेवून पाहायला हरकत नाही, पण तो पुन्हा सांगाडा धरेल याची आशा कमीच. सांगाडा मात्र टाकू नका. सडका वास नसेल, जेली नसेल, तर तो स्वच्छ घासून त्याच मंद उजेडाच्या जागी दोन-तीन महिने राहू द्या. पडद्यांच्या फटीत उरलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या मांसातून नवी बारीक हेडं फुटलेली पुष्कळदा दिसतात, आणि ती आधी दिसतात ती नळीच्या सावलीतल्या बाजूला, म्हणून बघताना टॉर्च खालून मारा.